भरीत कोणत्या काड्यांवर भाजलं? जागतिक व्यापाराचे नियम, पर्यावरण आणि आपली केळी

रावेर तालुक्यात माझ्या मामांची केळीची बाग आहे. परवा कापणीच्या दिवशी मी तिथे होतो. मजूर घड खांद्यावर घेऊन वावरातून बाहेर येत होते, पॅकहाऊसमध्ये फण्या सुटत होत्या, तुरटीच्या पाण्यात चीक धुऊन निघत होता आणि बाया एकेक फणी पुसून १३ किलोच्या खोक्यात बसवत होत्या. निर्यातदाराचा माणूस मात्र केळीकडे बघतच नव्हता. तो मामांची फवारणीची वही चाळत होता. तारीख, औषधाचं नाव, पंपाला किती मिली, कापणीच्या किती दिवस आधी. एका ओळीवर बोट ठेवून त्याने विचारलं, "काका, हे थायोमेथोक्झाम बागेत मारलं का?"

"बागेत नाही. बांधाला लागून आपली कपाशी आहे, तिच्यावर मारलं. तुडतुडे होते."

"मग हा माल आखातातच जाऊ द्या. युरोपच्या लॉटमध्ये नको धरायला. मधमाश्यांना घातक म्हणून तिथे या औषधाचा अंशही चालत नाही."

तो गेल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्या वावरात काय मारायचं हे ते कोण सांगणारे? अन् मधमाशीसाठी म्हणतात. काबर? त्यांनी त्यांच्या मधमाश्या सांभाळाव्या. आपल्या मधमाशीशी त्यांचं काय नातं?"

प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या केळीवाल्याचा नाही. २०२६ च्या १ जानेवारीपासून युरोपने बाहेरून येणाऱ्या लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर कार्बनचा भार टाकायला सुरुवात केली, तेव्हा आपल्याकडच्या कारखानदारांनीही नेमकं हेच विचारलं. माल आमचा, धूर आमच्या गावात, मग हिशोब तुम्ही का मागता? मामांना त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे पहिल्यापासून मांडतो.

## आधी बाजाराचे दोन नियम

बाजार समितीचं आवार डोळ्यांसमोर आणा. चोपड्याच्या शेतकऱ्याला एक बाजार फी आणि यावलच्या शेतकऱ्याला दुसरी, असं चालत नाही. हा पहिला नियम: बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना सारखी वागणूक. दुसरा नियम असा, की फी भरून माल एकदा आवारात आला की गावातला आणि परगावचा असा भेद करायचा नाही. वजनकाटा तोच, लिलाव तोच, हमाली तीच.

देशादेशांमधल्या व्यापाराचा पायाही हाच आहे. १९४७ साली २३ देशांनी 'गॅट' नावाचा करार केला आणि त्या २३ देशांमध्ये भारत होता. पुढे १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिचं ठाणं जिनिव्हाला आहे आणि आज १६६ सदस्य आहेत. एखाद्या देशाने नियम मोडला तर दुसरा तिथे तक्रार करू शकतो. निकाल विरुद्ध गेला आणि तरीही देश ऐकेना, तर तक्रारदाराला त्याच्या मालावर जादा शुल्क लावायची परवानगी मिळते.

पहिला नियम किती कडक आहे याचा दाखला आपल्या भागाला जवळचा वाटावा असा आहे, कारण या व्यवस्थेतलं एक अतिशय लांबलेलं भांडण केळीवरूनच झालं. १९९३ साली युरोपने केळीच्या आयातीची एकच पद्धत ठरवली आणि आफ्रिका व कॅरिबियनमधल्या आपल्या जुन्या वसाहतींच्या केळीला त्यात झुकतं माप दिलं. इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिका तक्रार घेऊन गेले. १९९७ साली युरोप हरला, तरी पद्धत नीट बदलेना. १९९९ मध्ये अमेरिकेला युरोपच्या वर्षाला १९ कोटी १० लाख डॉलरपर्यंतच्या मालावर जादा शुल्क लावायची मुभा मिळाली. समझोता झाला २००९ च्या शेवटी आणि कागदोपत्री वाद मिटायला २०१२ उजाडलं. केळं तेच, फक्त कुणाच्या बागेतलं यावर शुल्क ठरत होतं, एवढ्याचसाठी हे सगळं.

## मग पर्यावरणासाठी आयात अडवता येते का?

येते. करारात त्यासाठी एक दरवाजा ठेवलाय, कलम २०. माणसांचं, प्राण्यांचं, झाडाझुडपांचं जीवन किंवा आरोग्य जपायला गरजेचं असेल, किंवा संपू शकणारी निसर्गसंपत्ती राखायची असेल, तर वरचे नियम बाजूला ठेवता येतात. निसर्गसंपत्तीच्या बाबतीत जोडीला एक अट आहे: जे बंधन परक्यावर घालाल, ते आपल्या घरातही चालू पाहिजे.

या दरवाजाला उंबरठा आहे आणि बहुतेक देश तिथेच ठेचकाळतात. कलमाच्या सुरुवातीला लिहिलंय की बंधन मनमानी नसावं, सारख्या परिस्थितीतल्या देशांमध्ये कारण नसताना भेद करणारं नसावं आणि पर्यावरणाच्या आडून व्यापार रोखणारं नसावं. म्हणजे हेतू चांगला आहे एवढ्यावर सुटका नाही. तो हेतू तुम्ही कसा राबवला हेही तपासलं जातं.

याचं चांगलं उदाहरण ब्राझीलचं आहे. जुने टायर साठले की त्यांत पाणी साचतं, डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून ब्राझीलने नवा थर चढवलेल्या जुन्या टायरांची आयात बंद केली. युरोपने तक्रार केली. २००७ च्या निकालात ब्राझीलचं कारण मान्य झालं, पण ब्राझील शेजारच्या काही देशांचे तसले टायर येऊ देत होता, तिथे तो अडकला. युरोपच्या टायरमध्ये डास होतात आणि शेजाऱ्याच्या टायरमध्ये होत नाहीत, असं कसं म्हणणार?

## भरीत आणि काड्या

आता सगळ्यात अवघड भाग. त्यासाठी भरीताकडे येऊ.

आपल्याकडचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेलं भरीत समोर आलं तर पहिल्याच घासाला कळतं. धुराचा वास नसतो. म्हणजे कसं भाजलं याचा परिणाम भरीतात उतरलेला असतो. पण भरीत तसंच खमंग आहे आणि काड्या मात्र शेजाऱ्याच्या बांधावरून न विचारता उचललेल्या आहेत, तर? जेवणाऱ्याला ते चवीवरून कधीच कळणार नाही. आणि तरीही काहीतरी चुकलेलं आहे.

व्यापाराच्या नियमांपुढे अनेक वर्षं हाच प्रश्न होता. मालात काय आहे ते बघून अडवणं सोपं आहे. केळीत विष सापडलं, थांबवा. पण माल स्वच्छ आहे आणि तो बनवताना कुठेतरी जंगल तुटलं, धूर झाला, जनावर मेलं, तर मालाला अडवायचं का? दोन वस्तू 'सारख्या' कधी म्हणायच्या, ताटात पडल्यावर की चुलीवर असताना?

१९९१ साली हे प्रकरण ट्यूना माशावरून पुढे आलं. मेक्सिकोचे मासेमार ज्या जाळ्यांनी ट्यूना पकडत, त्यांत डॉल्फिन अडकून मरत. अमेरिकेने त्या ट्यूनाची आयात बंद केली. निवाडा करणाऱ्या समितीने अमेरिकेला चूक ठरवलं: डब्यातला ट्यूना सारखाच आहे, परक्या समुद्रात तो कसा पकडला हे तुम्ही बघायचं नाही. तो अहवाल औपचारिकपणे स्वीकारला गेला नाही, पण पर्यावरणवाल्यांमध्ये संताप उसळला. व्यापाराचे नियम निसर्गाच्या विरोधात आहेत, ही समजूत तिथून पक्की झाली. ती आजही ऐकू येते आणि माझ्या मते ती आता खरी राहिलेली नाही. ती बदलली एका खटल्याने, आणि त्यात तक्रारदार आपण होतो.

## कोळंबी आणि कासव

ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर समुद्री कासवं सापडतात. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात अडकलं की ते बुडून मरतं. यावर उपाय साधा आहे. जाळ्याच्या निमुळत्या भागात लोखंडी गजांची एक जाळी तिरपी बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना आपटून वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेने ही जाळी आपल्या मासेमारांना सक्तीची केली आणि १९८९ च्या कायद्याने परदेशी कोळंबीलाही तशीच अट घातली. भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड या चौघांनी मिळून तक्रार केली.

ऑक्टोबर १९९८ मध्ये संघटनेच्या अपील मंडळाने निकाल दिला. हे मंडळ म्हणजे या व्यवस्थेचं वरचं न्यायालय. वर्तमानपत्रात बातमी आली ती 'अमेरिका हरली' अशी, आणि ते खरंच होतं. पण निकालाच्या आत वेगळं काही होतं. मंडळाने सांगितलं की कासव ही संपू शकणारी निसर्गसंपत्ती आहे. ती वाचवायला आयातीवर अट घालणं तत्त्वतः बसतं, मग कोळंबी परक्या बोटीने का पकडलेली असेना. कासवं काही हद्द पाळत नाहीत, अमेरिकेच्या पाण्यातही तीच येतात, एवढं नातं मंडळाला पुरलं.

मग अमेरिका हरली कशात? उंबरठ्यावर. कॅरिबियनकडच्या देशांना तिने तयारीला ३ वर्षं दिली, त्यांच्याशी बसून करार केला, तंत्र शिकवलं. आशियातल्या देशांच्या हाती उरले जेमतेम ४ महिने, आणि त्यांच्याशी तशी गंभीर बोलणी झालीच नाहीत. शिवाय अट अशी की आमच्यासारखीच पद्धत जशीच्या तशी ठेवा. तुमच्या समुद्रात दुसऱ्या कुठल्या उपायाने कासव वाचत असेल, तर ते बघायची तयारी नव्हती. पुढे अमेरिकेने हे सगळं सुधारलं, बोलणी सुरू केली, अटीत लवचिकता आणली. मलेशिया पुन्हा भांडला आणि २००१ मध्ये हरला. बंदी टिकली.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आज एखादा पर्यावरणाचा नियम बाहेरून आपल्या अंगावर येतो, तेव्हा त्याला विचारायचे तीन प्रश्न यातून मिळतात. घरच्यांनाही हेच लागू केलं का? आमच्याशी बोललात का आणि पुरेसा वेळ दिला का? आमच्या पद्धतीने तेच साधत असेल तर मान्य करता का?

## आता मामांच्या मधमाशीकडे

युरोपने २०१८ मध्ये क्लोथियानिडिन, थायोमेथोक्झाम आणि इमिडाक्लोप्रिड ही तीन कीटकनाशकं उघड्या शेतात वापरायला आपल्या शेतकऱ्यांना बंदी केली, कारण ती मधमाश्यांना घातक ठरत होती. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या दोन औषधांची आयात मालातली अवशेष मर्यादा, म्हणजे फळात औषधाचा किती अंश चालेल ती हद्द, मोजता येईल तितक्या खाली आणली. अंमलाची तारीख ठरवली मार्च २०२६. फळांसाठी ही हद्द किलोला ०.०१ मिलीग्रॅम आहे. २० टनांच्या कंटेनरला हिशोब लावला तर सगळ्या केळीत मिळून ०.२ ग्रॅम, म्हणजे गव्हाचे पाचेक दाणे. बांधापलीकडचा फवारा वाऱ्याने आला तरी भीती वाटावी, अशी ही हद्द आहे.

यातली नवी गोष्ट अशी, की एरवी अवशेषाची हद्द खाणाऱ्याच्या तब्येतीसाठी ठरते. त्यासाठी 'कोडेक्स' नावाचं आंतरराष्ट्रीय मंडळ १९६३ पासून आहे आणि देशाने त्याहून कडक हद्द ठेवली तर शास्त्रीय आधार द्यावा लागतो. इथे युरोपचं मुख्य कारण मधमाशी आहे, आणि तीही जगातली कुठलीही. परागीभवन करणारे किडे घटणं हा सगळ्या जगाचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे भरीतात उतरलेल्या वासावरून ते काड्यांची चौकशी करताहेत.

तीन प्रश्न लावून बघू. घरात लागू केलं का? केलं, आपल्याआधी. मधल्या काळात काही युरोपीय देश साखरेच्या बीटसाठी आपल्या शेतकऱ्यांना तात्पुरती सूट देत राहिले, पण जानेवारी २०२३ मध्ये युरोपच्याच न्यायालयाने असली सूट बेकायदा ठरवली. वेळ दिला का? तीन वर्षं दिली, कासवाच्या प्रकरणातल्या चार महिन्यांपुढे बरीच. आमची पद्धत मान्य करता का? इथे नियम कच्चा आहे. समजा मामांनी कपाशी फुलावर नसताना, मधमाशी फिरत नाही अशा वेळी फवारलं, तरी युरोपच्या लेखी त्याला काही किंमत नाही. मोजलं जातं ते फळातल्या अंशावरच. मधमाशी वाचली की मेली हे त्या आकड्यात दिसत नाही. उद्या या नियमाविरुद्ध कुणाला भांडायचं असेल तर जागा ही आहे.

आणि मामांच्या 'काय नातं' या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच शिवारात आहे. आपल्या ग्रँड नैन केळीला मधमाशी लागत नाही, ती परागाशिवायच फळ धरते. पण कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट, टरबूज, भोपळे, काकडी, दोडके यांना ती लागते. टरबुजाच्या वेलाला फूल येऊन फळ धरत नाही, धरलं तर वाकडं धरतं, ही तक्रार आपण दरवर्षी ऐकतो. तेव्हा ती मधमाशी आधी आपली आहे.

## कार्बनचा जकात नाका

ज्यांनी जकात नाके पाहिलेत त्यांना युरोपचं नवं शुल्क लवकर समजेल. समजा गावातल्या कारखान्यांना धुराच्या हिशोबाने कर भरावा लागतो आणि बाहेरून येणाऱ्या मालाला काहीच नाही. काही दिवसांत गावातले कारखाने बंद पडतील, माल बाहेरून येईल आणि धूर तेवढाच राहील, फक्त दुसऱ्या गावात. म्हणून वेशीवर नाका बसवायचा आणि बाहेरच्या मालालाही तेवढाच भार लावायचा.

युरोपात २००५ पासून मोठ्या कारखान्यांना कार्बन सोडण्याचे परवाने घ्यावे लागतात आणि त्या परवान्यांचा बाजारभाव असतो. नाक्याचा नियम २०२३ मध्ये झाला. ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ फक्त माहिती द्यायची होती, २०२६ पासून भार मोजायला सुरुवात झाली. पोलादाबरोबर नट, बोल्ट, स्क्रूसुद्धा यादीत आहेत. भरणा करतो तो तिथला आयातदार, पण तो आधी आपल्या कारखानदाराला विचारणार: एक टन मालामागे कार्बन किती, सांगा. बोल्ट बनवणाऱ्या लहान युनिटला हे सांगायचं तर ज्या पोलाद कारखान्यातून गज घेतला त्याचा आकडा हवा. तो मिळाला नाही तर युरोपने ठरवलेला ठोकळ आकडा लागतो आणि तो सहसा महागात पडतो. आयातदाराची वर्षाची एकूण खरेदी ५० टनांपर्यंत असेल तर त्याला सूट आहे.

भारतात एक टन पोलादामागे सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाच्या सरासरीपेक्षा जास्त. म्हणून हा भार आपल्याला टोचतो.

पहिला प्रश्न इथे फार कामाचा आहे. युरोप आपल्या कारखान्यांना वर्षानुवर्षं बरेचसे परवाने फुकट देत आलाय. घरच्यांना फुकट आणि बाहेरच्याला पूर्ण भार, हे उंबरठ्यावर टिकलंच नसतं. म्हणून त्यांनी २०२६ ते २०३४ या काळात फुकट परवाने टप्प्याटप्प्याने बंद करायचं आणि तेवढाच बाहेरचा भार वाढवायचं ठरवलं. त्यांनी ते वेळापत्रक पाळलं नाही, तर आपल्या हाती भक्कम तक्रार येईल. आपल्या सरकारने त्यावर डोळा ठेवलाच पाहिजे.

यात एक तरतूद आपल्या फायद्याची आहे. मालावर मायदेशात कार्बनचा दाम भरला असेल तर तेवढी वजावट मिळते. भारताने २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा सुधारला आणि २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट योजना काढली. दाम इथे आकारला तर पैसा इथे राहील, नाहीतर तो युरोपच्या तिजोरीत जाईल.

## "हा पर्यावरणाच्या नावाखाली धंदा वाचवण्याचा डाव आहे"

हा आक्षेप मी सगळीकडे ऐकतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दोन्ही हेतू एकाच नियमात असू शकतात. माणसाच्या मनात काय होतं हे शोधत बसण्यापेक्षा कागदावर काय आहे ते बघावं, असं मला वाटतं.

कारण हाच आरोप आपल्यावरही झाला आहे. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे. त्या रस्त्याने जाताना निळ्या पट्ट्यांचं शेत दिसतं. त्याच सुमारास देशाच्या सौर मोहिमेत सरकारने काही प्रकल्पांना अट घातली होती, की पॅनेल आणि सेल भारतातच बनलेले पाहिजेत. अमेरिका जिनिव्हाला गेली. आपण म्हणालो, हे स्वच्छ विजेसाठी आहे. २०१६ मध्ये आपण अपिलातही हरलो. सूर्याची वीज करा, हवी तेवढी मदत द्या, पण सेल देशीच हवा या अटीने वीज जास्त स्वच्छ होत नाही, असा त्यामागचा विचार मला समजतो आणि पटतोही. गंमत नव्हे, खरी गोष्ट सांगतो: मग भारताने अमेरिकेतल्या राज्यांच्या तसल्याच सवलतींविरुद्ध तक्रार केली आणि २०१९ मध्ये जिंकली. २०२३ मध्ये दोघांनी बसून हे वाद मिटवले.

## "शंभर वर्षं धूर त्यांनी केला, हिशोब आम्हाला का?"

इथे मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. भारताचं दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे २ टन आहे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. १९९२ च्या हवामान करारात सगळ्या देशांनी मान्य केलंय की जबाबदारी सगळ्यांची असली तरी सारखी नाही, ज्याची ऐपत आणि ज्याचा जुना वाटा मोठा त्याने जास्त उचलायची. त्याच करारात हेही लिहिलंय की हवामानासाठी केलेले उपाय व्यापारातल्या भेदभावाचं साधन बनू नयेत. नाक्यावरचा भार मात्र श्रीमंत आणि गरीब देशाच्या टनाला एकच भाव लावतो. हा नियम गोळा झालेल्या पैशाचा काही भाग गरीब देशांच्या कारखान्यांना सुधारायला देत असता, तर त्याच्याविषयी मी वेगळं लिहिलं असतं.

एकट्याने घातलेल्या अटीपेक्षा सगळ्यांनी मिळून केलेला करार नेहमी बरा पडतो. ओझोन वाचवणारा १९८७ चा मॉन्ट्रियल करार तसा आहे, त्यात करारात नसलेल्या देशांशी त्या वायूंचा व्यापारच बंद केला होता. गरीब देशांना त्यात जादा वर्षं आणि पुढे निधीही मिळाला. जळगावच्या प्लास्टिक चटई कारखान्यांचाही अशाच एका कराराशी संबंध येतो. जुन्या प्लास्टिकचे दाणे ज्या कचऱ्यापासून होतात, त्या कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवर बासेल कराराने जानेवारी २०२१ पासून जास्त कडक अटी घातल्या.

## "तक्रार केली तरी न्याय देणार कोण?"

हा आक्षेप मला सगळ्यात चिंतेचा वाटतो. कासवाचा निकाल देणारं ते अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या. खालच्या समितीत हरलेला देश अपील करतो आणि ते अपील ऐकायला कुणी नसतं, म्हणून निकाल लटकतो. नवे पर्यावरणीय नियम वाढताहेत आणि त्यांना उंबरठ्यावर तपासणारा माणूस घरात नाही. अशा वेळी मोठा देश दोघांत बसून सौदा करून घेतो, लहान देश तोंड बघत राहतो. ज्यांना व्यापार संघटना नकोशी वाटते त्यांनी हे आठवावं, की चार आशियाई देशांनी अमेरिकेला त्याच आवारात जाब विचारला होता.

## वहीतला नवा रकाना

२०१० साली आपल्या राज्यातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला आणि हंगाम हातचा गेला. त्यातून द्राक्षवाले नोंदी आणि तपासणीत पक्के झाले. केळीत आपण अजून त्या वाटेवर आहोत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये तांदलवाडीची मानांकित केळी दुबईला गेली, पण आपला बहुतेक निर्यात माल आखाताकडेच जातो आणि तिथे या हद्दी आज इतक्या कडक नाहीत.

मागच्या आठवड्यात पुन्हा गेलो तेव्हा हे सगळं मामांना सांगितलं. कासवाची गोष्ट त्यांनी दोनदा विचारून घेतली. मग म्हणाले, "तीन वर्षं दिली होती म्हणतो. मला तर ह्या कापणीला कळलं." ती तीन वर्षं ब्रुसेल्सच्या राजपत्रातून रावेरच्या बांधापर्यंत पोचलीच नाहीत. कृषी खातं, निर्यातदार, औषध दुकानदार, कुणीच सांगितलं नाही. माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं.

कपाशीत त्यांनी आता पिवळे चिकट सापळे लावलेत आणि बांधाकडच्या चार ओळींवर ते औषध मारायचं नाही असं ठरवलंय. शेजारच्या शेतकऱ्याशीही बोलून आले, तो कधी काय फवारतो ते विचारायला. वहीत तारीख, औषध, मात्रा, दिवस या रकान्यांच्या पुढे पट्टीने एक नवी रेघ ओढलीय आणि वर निळ्या शाईत लिहिलंय: 'शेजारी'.